मागणी मान्य झाली तेव्हा

25 जुलै 2025 रोजी सर्वोच्च न्यायालयाने एक निकाल दिला. विशाखापट्टणममध्ये 'नीट'ची तयारी करणाऱ्या सतरा वर्षांच्या एका मुलीच्या मृत्यूचं ते प्रकरण. न्यायमूर्ती विक्रम नाथ आणि न्यायमूर्ती संदीप मेहता यांनी तपास सीबीआयकडे सोपवलाच, शिवाय देशभरातल्या शाळा, महाविद्यालयं, वसतिगृहं आणि कोचिंग क्लाससाठी पंधरा मार्गदर्शक तत्त्वं घालून दिली. कायदा होईपर्यंत ती बंधनकारक आहेत. त्यातलं एक असं, की शंभर किंवा त्याहून जास्त विद्यार्थी असलेल्या प्रत्येक संस्थेने निदान एक प्रशिक्षित समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा सामाजिक कार्यकर्ता नेमायचा.

ही मागणी माझी जुनी. लातूरला कनिष्ठ महाविद्यालयात जीवशास्त्र शिकवत होते तेव्हापासूनची. शिक्षकांच्या बैठकांत मांडली, संस्थाचालकांपुढे मांडली, वर्तमानपत्रांना पत्रं लिहिली. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाचे आकडे दरवर्षी कापून ठेवायचे. 2022 साली देशात 13,044 विद्यार्थ्यांनी आत्महत्या केली, त्यातले 1,764 एकट्या महाराष्ट्रातले, सगळ्या राज्यांत सर्वाधिक. असे आकडे वाचून दाखवायचे आणि शेवटी म्हणायचं: पूर्णवेळ समुपदेशक नेमा, त्याला स्वतंत्र खोली द्या, आणि बाकीच्यांनी त्या खोलीपासून लांब राहा. बाकीचे म्हणजे आईबाप, नातेवाईक, घरमालक, गाव. निकालाची बातमी आली तेव्हा जुन्या सहकाऱ्यांचे फोन आले. "मॅडम, जिंकलात." मी हो म्हणाले. पण मागणीतल्या 'लांब राहा'वरचा माझा विश्वास त्याआधीच उडाला होता, आणि समुपदेशकाच्या खोलीकडेही मी आता पूर्वीसारखी बघत नाही. असं का झालं ते लिहून ठेवावं, म्हणून हा खटाटोप.

आधी 'लांब राहा' असं का म्हणत होते ते सांगते, कारण ती कारणं खोटी नव्हती. आजही नाहीत.

आमच्याकडे पालकसभा रविवारी अकराला असायची. चाकूर, अहमदपूर, रेणापूरकडची माणसं सकाळच्या गाडीने यायची, कुणी त्या दिवसाची मजुरी बुडवून. गाडी उशिरा पोचली तर सभा अर्धी झालेली असायची. सभेत व्हायचं काय, तर चाचणीचे गुण नावानिशी वाचून दाखवायचे. वर्गशिक्षिका म्हणून मीही वाचले आहेत. पोरगं बापाशेजारी मान खाली घालून बसलेलं. आकडा कमी आला की बाप उभा राहायचा आणि सगळ्यांदेखत म्हणायचा, "दोन एकर इकून शिकवायलोय तुला." हे वाक्य लातूरमधल्या किती पोरांच्या कानांवरून गेलं असेल, त्याची गणती नाही. जमीन खरोखरच विकलेली असायची, म्हणून ते जास्त लागायचं. सभेनंतर ते पोरगं कित्येक दिवस वर्गात माझ्याकडे बघायचंही नाही. अशा आईबापांना मुलाच्या मनातल्या गोष्टी कळवा, असं कोणत्या तोंडाने म्हणणार?

दुसरं कारण मुलींचं. अकरावीत एक मुलगी होती, प्रयोगवहीत तिच्यासारख्या आकृत्या काढणारं दुसरं कुणी नव्हतं. वर्गातल्या एका मुलाशी तिचं बोलणं-चालणं होतं, इतकंच. तिच्या रूमच्या मालकिणीने गावाकडे फोन केला, तिच्या मते काळजीपोटीच. आठवडाभरात वडील येऊन दाखला घेऊन गेले. दिवाळीनंतर तिचं लग्न झाल्याचं कळलं. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत, म्हणजे 2019 ते 2021 मध्ये, वीस ते चोवीस वयाच्या बायकांपैकी अठराच्या आत लग्न झालेल्यांचं प्रमाण बीड आणि परभणीत चाळीस टक्क्यांच्या वर निघालं. आम्हा शिक्षकांना त्यासाठी पाहणीची गरज नव्हती. हजेरीपटावर दिवाळीनंतर मुलींच्या नावांपुढे पडणाऱ्या रेघा दिसायच्या. त्यामुळे कुणी भाषणात 'समाजाचा सहभाग' म्हटलं की माझ्या डोळ्यांपुढे ती मालकीण यायची.

म्हणून मला खोली हवी होती. चार भिंती, एक शिकलेलं माणूस, आणि आतलं बाहेर न जाण्याची हमी.

ती मिळाली. आमच्याकडे समुपदेशक रुजू झाली, मानसशास्त्रात एम.ए. केलेली, मन लावून काम करणारी. खोली मिळाली ती नेमकी ऑफिसला लागून. फी भरायला उभ्या असलेल्या रांगेला आत कोण शिरलं ते दिसायचं, आणि संध्याकाळी अभ्यासिकेत विचारणा व्हायची, "डोक्याच्या डॉक्टरकडं गेल्तास का रे?" पोरं आली नाहीत. जी आली ती आम्ही पाठवलेली, म्हणजे शिक्षा झाल्यासारखी बसून जाणारी. बाई रिकाम्या दिसतात म्हणून मग शिष्यवृत्तीचे अर्ज त्यांच्याकडे, परीक्षेचं पर्यवेक्षण त्यांच्याकडे, स्नेहसंमेलनाचं निवेदनही त्यांच्याकडे. मी म्हणत राहिले की खोली हलवा, बाईंची जादा कामं काढा, आणखी एक माणूस द्या. यातलं काहीही चुकीचं नव्हतं. पण मागणीच्या मुळाशी काही कमी आहे, असं मला तेव्हा वाटलं नाही.

माझं मत हललं ते आमच्या गल्लीतल्या मेसवाल्या काकूंमुळे.

लातूर ज्यांनी पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी थोडं सांगावं लागेल. दहावीचा निकाल लागला की नांदेड, परभणी, बीड, धाराशिव, हिंगोली, सोलापूर, पार कर्नाटकच्या सीमेवरून पोरं-पोरी इथे येतात. एका खोलीत तीन पलंग, तीन टेबलं. अभ्यासिकेतली जागा महिन्याच्या भाड्याने. जेवण मेसचं, किंवा ज्यांचं गाव जवळ आहे त्यांचं एसटीने आलेल्या डब्यातलं. कॉलेज सकाळी, क्लास दुपारी, अभ्यासिका रात्री. सोळा वर्षांचं लेकरू दिवसभरात डझनभर मोठ्या माणसांच्या समोरून जातं आणि त्यातलं एकही त्याच्या घरचं नसतं. अकरावी-बारावीच्या तयारीच्या इथल्या 'लातूर पॅटर्न'वर लिहिताना सगळे सराव परीक्षांबद्दल लिहितात. मला तर वाटतं या पॅटर्नचा खरा कणा म्हणजे भाड्याच्या खोल्या आणि डबे.

तर काकू. चाळीस-पन्नास पोरांचे डबे करायच्या. एका संध्याकाळी फाटकाशी थांबून म्हणाल्या, "मॅडम, एक लेकरू हाय. डबा तसाच माघारी यायलाय." कधीपासून, विचारलं. "लई दिस झालं. आधी भाजी ठेवायचा. मग भाकर ठेवायला लागला. आता तर डबा उघडंना बी." थोडं थांबून त्यांनी आणखी एक गोष्ट सांगितली. परवा तो येऊन मागची सगळी उधारी मिटवून गेला होता, आणि पुढच्या महिन्याचं विचारल्यावर काहीच बोलला नव्हता. काकूंना ते खटकलं होतं. का खटकलं ते त्यांना सांगता येईना. मला आलं. देणीघेणी अचानक संपवणं हे धोक्याचं लक्षण आहे, हे मी भाषणांत सांगत असे.

मुलगा माझ्याच वर्गात होऊन गेलेला. बारावी झाली, 'नीट'ला गुण कमी पडले, आता रिपीटर. रिपीटर कॉलेजच्या पटावर नसतो. म्हणजे मी भांडून मिळवलेली समुपदेशक त्याची नव्हतीच. क्लासमध्ये हजेरीचं यंत्र होतं, तो येत नाही हे त्या यंत्राला माहीत होतं, आणि त्याच्या वडिलांच्या मोबाइलवर इंग्रजीतून एसएमएसही जात होते. वडील ऊसतोडीला गेलेले. इंग्रजी वाचता येत नाही, आणि फडात फोन बघायला फुरसतही नाही. रूम पार्टनरला ठाऊक होतं की हा रात्री झोपत नाही. त्याला वाटलं, अभ्यास करत असेल.

मी भेटायला गेले, सरळ विचारलं, आणि त्याने सरळ सांगितलं. शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या मानसोपचार विभागात त्याला नेलं, गावाकडून त्याचा मामा आला, औषधं सुरू झाली. तो पुढे डॉक्टर झाला नाही. शेतीचा डिप्लोमा करून गावी आहे आणि बरा आहे. त्याचं मी एवढंच सांगणार.

काकूंना नंतर विचारलं, आधीच का नाही सांगितलंत? त्या म्हणाल्या, "कुणाला सांगू? तुमच्या कालेजात मला वळखतंय कोण? आन् मालकाला सांगिटलं तर त्यो सामान बाहेर टाकंल." माझ्याकडे उत्तर नव्हतं. सगळ्यांना लांब ठेवण्याची जी व्यवस्था मी मागत होते, तिच्यात काकूंनाही लांबच ठेवलेलं होतं. आणि या सगळ्या प्रकरणात पहिल्यांदा कुणाच्या लक्षात आलं असेल, तर ते त्यांच्याच.

त्यानंतर मी शोधून शोधून वाचू लागले. गोव्यातल्या 'संगाथ' या संस्थेने बिहारमध्ये केलेला एक मोठा प्रयोग हाती लागला. नालंदा जिल्ह्यातल्या चौऱ्याहत्तर सरकारी माध्यमिक शाळा, नववीची मुलं. कार्यक्रमाचं नाव 'सेहर'. काही शाळांत तो त्याच भागातल्या, थोडं प्रशिक्षण दिलेल्या साध्या कार्यकर्त्यांनी चालवला. काही शाळांत तोच कार्यक्रम तिथल्या शिक्षकांनी चालवला. उरलेल्या शाळांत सरकारचा नेहमीचा किशोरवयीन शिक्षणाचा तास. पहिल्या वर्षाचे निष्कर्ष 2018 मध्ये 'लॅन्सेट'मध्ये छापून आले. कार्यकर्त्यांच्या शाळांत वातावरण सुधारलं, दादागिरी आणि मारामाऱ्या कमी झाल्या, नैराश्याची लक्षणं कमी झाली, आणि दुसऱ्या वर्षी हा फरक आणखी वाढला. शिक्षकांनी चालवलेल्या शाळांत? काहीच फरक नाही.

आयुष्यभर शिक्षकी केलेल्या बाईने हे वाचणं सोपं नव्हतं. पहिली प्रतिक्रिया हीच, की बिहारमधल्या शिक्षकांना वेळ दिला नसेल. ते खरंही असेल. पण गुण देणाऱ्याच्या हाती मुलगा आपलं मन का देईल, हा प्रश्न वेळेने सुटत नाही. मी अंतर्गत गुण देत होते, प्रॅक्टिकलचे गुण देत होते, पालकसभेत नावं वाचत होते. माझ्यापाशी येऊन कुणी रडलं नाही याचा अर्थ कुणी रडत नव्हतं असा नाही.

त्या प्रयोगात समुपदेशन होतंच, पण ते अनेक गोष्टींपैकी एक होतं. भित्तिपत्रक होतं, परिपाठात बोलणं होतं, नाव न घालता तक्रार टाकायची पेटी होती, मुलांचे गट होते, आणि शिक्षक, पालक, विद्यार्थी यांची मिळून एक समिती होती. खोलीत येणाऱ्या मोजक्या मुलांपुरतं काम नव्हतं. न येणाऱ्यांच्या वाट्यालाही काही येत होतं. मी सगळा जोर खोलीवर लावला होता, शाळा तशीच ठेवून.

दुसरा दाखला आपल्या विदर्भातला, शाळेचा नाही, गावांचा. अमरावती जिल्ह्यातल्या तीस खेड्यांत 'विश्राम' नावाचा उपक्रम झाला, शेतकरी आत्महत्यांच्या पार्श्वभूमीवर. गावातल्याच माणसांना शिकवून घरोघरी बोलणं सुरू केलं, गरज पडली तर पुढे समुपदेशकाकडे, त्याही पुढे डॉक्टरकडे. सुरुवातीला नैराश्य असलेल्यांपैकी जेमतेम 4.3 टक्के लोक कुठल्या आरोग्यसेवेपर्यंत पोचत होते. दीड वर्षाने ते प्रमाण 27.2 टक्के झालं. मला त्यात सगळ्यात महत्त्वाचं वाटलं ते ओळखीच्या माणसाने दारात येऊन विचारणं. काकूंचा डबा आणि हे आकडे मला एकाच गोष्टीबद्दल बोलताना दिसले.

कोटा शहराने 2023 मध्ये हेच थोड्या धाकाने केलं. पोलिसांनी 'दरवाजे पे दस्तक' मोहीम काढली, वसतिगृहाच्या वॉर्डननी रात्री दारावर थाप मारून विचारपूस करायची, आणि डबे परत येऊ लागले तर मेसवाल्यांनी कळवायचं. पोलिसांनी सुरू केलेल्या गोष्टीला पोलिसांचा वास येतोच, तो मला आवडत नाही. पण डब्याकडे बघा हे त्यांना सुचलं आणि आम्हा शिक्षकांना सुचलं नव्हतं, हे मान्य करायला हवं.

मग आम्ही काही जण एकत्र आलो. दोन-चार शिक्षक, ती समुपदेशक, काकू आणि त्यांच्या ओळखीच्या मेसवाल्या, काही घरमालक, वस्तीतल्या आशाताई. पहिली गोष्ट केली ती व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप, आणि तीच सगळ्यात आधी बंद करावी लागली. पंधरा दिवसांत त्यावर गुड मॉर्निंगची फुलं आली आणि त्यांच्यामागे "अमुक खोलीतली पोरगी रात्री कुणासोबत" सुरू झालं. मालकिणीचा तो जुना फोन मला पुन्हा ऐकू आला. ग्रुप बंद केला. आता सगळ्यांकडे फक्त समुपदेशकाचा नंबर आहे. कळवायचं ते तिला एकटीला, तोंडी, आणि एवढंच: जेवत नाही, झोपत नाही, बाहेर पडत नाही, बोलायचा बंद झालाय, सामान वाटून टाकतोय. कुणाशी बोलतो, कुणासोबत फिरते, हे विषय आमचे नाहीत. हे पटवायला बाकी सगळ्यापेक्षा जास्त वेळ गेला.

घरमालकांची भीती वेगळी होती. पोलिसांची. मुलाने काही बरंवाईट करण्याचा प्रयत्न केला तर केस होईल, आपल्याला चौकशीला बोलावतील, म्हणून जरा शंका आली की "घेऊन जा तुमचं लेकरू". त्यांना बसवून सांगावं लागलं की मानसिक आरोग्य सेवा कायदा 2017 चा आहे, 2018 पासून लागू आहे, आणि त्याच्या कलम 115 नुसार असा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र ताणाखाली होती असंच धरलं जातं, तिला शिक्षा करायची नसते, तिची काळजी घ्यायची असते. एक मालक म्हणाले, "हे आमाला कुणी सांगितलंच नाही की." खरंच कुणी सांगितलं नव्हतं. भाडं किती घ्यावं यावर बैठका झाल्या होत्या, यावर नाही.

आणखी एक समजूत सगळ्यांचीच होती, माझ्या काही सहकाऱ्यांचीही: जीव द्यायचं मनात येतं का, असं विचारलं तर न येणारा विचारही डोक्यात घुसेल. तसं होत नाही. जागतिक आरोग्य संघटना हे वारंवार सांगते की विचारल्याने विचार रुजत नाही, उलट बोलायला वाट मिळते. काकूंना हे एकदा सांगितलं, त्यांना लगेच पटलं. आम्हा शिकलेल्यांना पटायला वेळ लागला.

पालकांच्या बाबतीत मात्र माझं मत सगळ्यात जास्त पालटलं. त्यांना शहरात बोलावण्याऐवजी आम्ही बाजाराच्या दिवशी त्यांच्या गावी गेलो, जिथली बरीच मुलं लातूरला आहेत अशा गावांत. गुणांचा कागद नेला नाही. पहिल्याच गावात एक बाई उठून म्हणाली, "शाळेचा फोन आला की माझं काळीज धडधडतंय. फोन आला म्हंजी कायतरी वंगाळच." मला आठवलं, आम्ही फोन करायचो तो फी थकली तेव्हा, गैरहजेरी झाली तेव्हा, गुण पडले नाहीत तेव्हा. पोरगं चांगलं चाललंय असं सांगायला कधी फोन केला होता? ज्या माणसांना मी मुलाच्या डोक्यावर बसलेला दबाव समजत होते, ती स्वतःच एका दबावाखाली होती आणि त्यात भर घालणाऱ्यांत आमचं ऑफिस होतं.

तिथे मी त्यांना एक साधं गणित सांगितलं. 2024 साली 'नीट'ला चोवीस लाखांच्या आसपास मुलांनी नाव नोंदवलं. एमबीबीएसच्या जागा देशभरात एक लाखाच्या थोड्या वर, त्यातही सरकारी निम्म्याच्या घरात. म्हणजे आपल्या गावातली बहुतेक मुलं डॉक्टर होणार नाहीत, आणि त्यात त्यांचा काही दोष नाही. पारावर शांतता पसरली. मग एका बापाने विचारलं, "मग आमी फोनवर काय बोलावं?" तो चेष्टा करत नव्हता. त्याला खरंच माहीत नव्हतं. संध्याकाळच्या फोनवर 'किती पडले' सोडून काय विचारायचं असतं, यावर त्या पारावर बराच वेळ बोलणं झालं. म्हैस व्याली ते सांगा, पाऊस किती झाला ते सांगा, जेवलास का विचारा. एका आजीने सांगितलं, "मला तर पोराच्या आवाजावरनं कळतंय." मी विचारलं, "मग कळलं की काय करता, आजी?" "काय करणार. देवाला सांगतो." तिच्या हातात समुपदेशकाचा नंबर देऊन आले.

'दोन एकर' म्हणणारा बाप बदलला का? सगळे नाही. काही तर सभेतून उठून गेले. पण बाप बदलेपर्यंत थांबण्याची गरज नसते. घरात मामा असतो, आजी असते, शिकलेली चुलत बहीण असते. प्रत्येक मुलाला आम्ही आता प्रवेशाच्या वेळीच विचारतो की तुझ्या घरच्या कुणाशी बोललेलं तुला चालेल? बहुतेक जण बापाचं नाव देत नाहीत. मुलीही देत नाहीत. पण कुणाचंच नाव देत नाही असं मूल क्वचितच.

मत बदललं असं म्हणताना काय बदललं नाही तेही सांगितलं पाहिजे. मुलाने सांगितलेलं त्याच्या परवानगीशिवाय घरी जाणार नाही, जिवाला धोका असेल तेवढाच अपवाद, यावर मी तसूभरही हललेले नाही. त्या अकरावीच्या मुलीचं नाव माझ्या डोक्यातून जात नाही. काही उत्साही मंडळी आता 'पालकांना सगळी माहिती देणारं अ‍ॅप' वगैरे बोलतात. त्यातून किती दाखले काढले जातील याचा कुणी अंदाज केलाय का?

दुसरं, काकूंच्या कष्टांवर हे उभं करून शासनाने आणि संस्थांनी हात झटकायचे, हेही मला मान्य नाही. 'समाज' म्हटलं की प्रत्यक्षात काम बायकांवर पडतं आणि फुकट पडतं. आशाताईंना प्रत्येक नव्या योजनेत आणखी एक रजिस्टर मिळतं. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम 1996 पासून देशात आहे, किशोरवयीनांसाठी 2014 पासून राष्ट्रीय किशोर स्वास्थ्य कार्यक्रम आहे आणि त्यात मानसिक आरोग्य हा एक विषय आहे. कागदावर आपल्याकडे कमी नाही. या कार्यक्रमांना आमच्या ट्यूशन एरियात, म्हणजे क्लास आणि भाड्याच्या खोल्यांच्या वस्तीत, येणं जमत नाही, कारण तिथलं मूल गावच्याही यादीत नसतं आणि शहराच्याही.

म्हणून समुपदेशक हवीच. माझी जुनी मागणी मी मागे घेतलेली नाही. पूर्वी मला वाटायचं की तिथून सुरुवात होते. आता वाटतं, तिथवर पोचवणारी माणसं आधी लागतात, आणि तिथून पुढे डॉक्टरपर्यंतही. न्यायालयाच्या तत्त्वांत कर्मचाऱ्यांना वर्षातून किमान दोनदा प्रशिक्षण द्या, पालकांसाठी नियमित कार्यक्रम घ्या, गुणांवरून तुकड्या पाडू नका, असंही म्हटलं आहे. पण जाहिराती निघताहेत त्या फक्त पदाच्या. पद भरणं सोपं असतं, त्याचा फोटो काढता येतो.

संस्थाचालकांना आणि प्राचार्यांना माझी विनंती आहे. नेमणूकपत्रात लिहा की या माणसाचा अर्धा वेळ खोलीबाहेरचा आहे: मेसमध्ये, अभ्यासिकेत, वसतिगृहात, मुलांच्या गावात. त्याला शिष्यवृत्तीचे अर्ज देऊ नका. रिपीटरांनाही त्याच्याकडे येऊ द्या, ते तुमच्याच वर्गातून गेलेले आहेत. त्याचा मोबाइल नंबर परिसरातल्या प्रत्येक मेसवाल्या काकूकडे असू द्या, आणि तिचा त्याच्याकडे. पालकसभेत गुण वाचणं बंद करा. तो कागद पाकिटात घालून देता येतो.

आणि घरमालकांनो, रूमच्या नियमांची पाटी लावताच आहात, तिच्यावर मोठ्या अक्षरांत एक ओळ वाढवा. टेली-मानस, 14416. ही सरकारी हेल्पलाइन 10 ऑक्टोबर 2022 पासून चोवीस तास सुरू आहे, मराठीत बोलता येतं आणि फोनला पैसे पडत नाहीत.